बिनचिठ्ठीच्या बरण्या

रविवारी सकाळी सव्वासातला, बायको फिरायला बाहेर पडल्यावर, त्याने स्वयंपाकघराच्या फळीवरची एक बरणी उघडली, बोट आत घातलं, जिभेवर टेकवलं आणि तसाच उभा राहिला. मग शेजारची बरणी उघडून दुसरं बोट घातलं. काही नाही. दोन्ही बोटं ओली झाली, एवढंच. एका बरणीत मीठ होतं आणि एकीत पिठीसाखर, हे त्याला माहीत होतं. कुठल्या बरणीत काय, हे सांगायला त्याची जीभ तयार नव्हती. बरण्या सारख्या, झाकणं सारखी, आतली पांढरी भुकटीही सारखीच. आणि या घरात बरण्यांवर चिठ्ठ्या लावायच्या नाहीत हा नियम त्याचाच. सव्वीस वर्षांपूर्वी, लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात, बायकोने हौसेने टपोऱ्या अक्षरात चिठ्ठ्या लिहून चिकटवल्या होत्या: मीठ, साखर, मैदा, सोडा. संध्याकाळी कामावरून आल्यावर त्याने त्या एकेक करून नखाने खरवडून काढल्या. 'वाचून स्वयंपाक करायचा, तर तोंडात जीभ कशाला हवी?' असं तो म्हणाला होता, आणि ते वाक्य त्याला स्वतःलाच इतकं आवडलं की पुढे आल्यागेल्याला तो ते ऐकवत राहिला. पाहुणे हसायचे. बायकोही हसायची, निदान सुरुवातीला तरी.

तो बिस्किटांच्या कारखान्यात चव तपासायचा. त्याच्या खोलीत पांढऱ्या फरशा, एक टेबल, एक थुंकायचं बेसिन, कोमट पाण्याचा थर्मास आणि झाकलेल्या वाट्या, याखेरीज काही नव्हतं. माल तयार झाला की पहिला तुकडा त्याच्याकडे यायचा. तो चावायचा, अकरा वेळा, कमी नाही जास्त नाही. थुंकायचा, चूळ भरायचा आणि 'हो' किंवा 'नाही' म्हणायचा. बहुतेक वेळा 'नाही'. 'नाही'च्या पुढे एखादा शब्द टाकायचा. 'पुठ्ठा.' 'खडू.' 'ओलं फडकं.' तो शब्द समोरची माणसं वहीत लिहून घेत आणि ट्रे उचलून माघारी जात. कारखान्यात त्याला पाठीमागे 'जीभ' म्हणत. जिभेकडे गेलं का, जीभ काय म्हणाली, जीभ आज जेवली नाही वाटतं. हे त्याच्या कानावर होतं. तो ऐकून न ऐकल्यासारखं करायचा, पण आतून खूश व्हायचा. चारशे माणसांच्या त्या कारखान्यात तोंड फक्त आपल्याला आहे, बाकीच्यांच्या चेहऱ्याला नुसतं भोक पडलंय, अशी त्याची खात्री होती. ती माणसं दुपारी डबे उघडून, बोलत बोलत, काय गिळतोय याचा पत्ता नसताना गिळत असत, तेव्हा तो काचेआडून त्यांच्याकडे बघायचा आणि त्याला मनापासून किळस यायची.

ही जीभ जपण्यासाठी घराने काय काय सोसलं होतं. लसूण बंद, कारण लसणाची चव जिभेवर दोन दिवस राहते. कच्चा कांदा बंद, तिखट बेतानेच, उदबत्ती नाही, वासाचा साबण नाही, सेंटचं तर नावही काढायचं नाही. मुलगी शिकायला दुसऱ्या गावी गेली तेव्हा तिने पहिल्याच फोनवर आईला सांगितलं होतं, 'आई, मी लसूण घातलेलं खाल्लं. पोटभर.' त्याने ते ऐकलं आणि पोरगीसुद्धा शेवटी त्या चारशेंतलीच निघाली असं म्हणून तो विषय सोडून दिला. बायको काहीही रांधून समोर ठेवायची आणि उभी राहायची. तो पहिला घास घेऊन सांगायचा. 'घाई केलीस.' 'दूध जुनं.' कधी नुसताच खांदा उडवायचा. मग ती बसायची. सव्वीस वर्षांत ती त्याच्याआधी कधी बसली होती की नाही, हे आता त्याला आठवेना, आणि आज सकाळी ते आठवावंसं का वाटावं, तेही कळेना.

साडेतीन आठवड्यांपूर्वी त्याला सर्दी झाली. साधी सर्दी, चार दिवसांत गेली. जाताना सगळंच घेऊन गेली. पाचव्या दिवशी सकाळी चहा प्यायला तर नुसतं गरम पाणी. वाटलं, उद्या येईल. उद्याही गरम पाणी. तिसऱ्या दिवशी कारखान्यात चष्मेवाली ट्रे घेऊन आली. नवी बिस्किटं तयार करण्याचं काम चार वर्षांपासून तिच्याकडे होतं. पस्तिशीची, सडपातळ बाई, बोलताना चष्मा सारखा वर ढकलायची, आणि त्याच्यासमोर आली की तिच्या हातातला ट्रे हमखास वाजायचा. त्या दिवशी दालचिनीचं बिस्किट होतं. त्याने अकरा वेळा चावलं. तोंडात ओला भुगा फिरत राहिला, बस. थुंकला, चूळ भरली, आणि तोंडातून आपोआप शब्द निघाला: 'गवत.' तिचा चेहरा पडला. तिने वहीत लिहून घेतलं आणि ट्रे उचलून गेली. कोणी काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याने दोन घाणे परत पाठवले, त्याच्या पुढच्या दिवशी एक पास केला. कोणी हूं की चूं केलं नाही. तीन आठवडे ती चारशे माणसं एका मेलेल्या जिभेची थुंकी झेलत होती आणि धन्यवाद सर म्हणत होती. आपण वाचलो याचा आनंद त्याला झाला नाही. त्यांच्याबद्दलची तुच्छता तेवढी वाढली. गाढवं, तो मनात म्हणायचा, एकालाही कळू नये? मात्र एकदा, बसने परत येताना, भलताच विचार डोक्यात आला: आता चाखत नसताना जे चाललंय तेच चाखत असतानाही चाललं होतं, मग इतकी वर्षं आपण तिथे नक्की काय करत होतो? त्याने मान खिडकीकडे वळवली आणि बाहेरच्या दुकानांच्या पाट्या वाचायला घेतल्या.

पण उद्या सोमवार होता, आणि सोमवारी नुसत्या 'नाही'वर भागणार नव्हतं. वरचे तीन लोक येणार होते. चष्मेवालीचं संत्र्याचं बिस्किट, आठ महिने खपून केलेलं, बाजारात जायचं की नाही ते ठरणार होतं. पाच झाकलेल्या वाट्या, नुसते आकडे घातलेल्या. चारात जुना माल, एकात नवा. त्याने नवा ओळखायचा, आंबट किती, गोड किती, तोंडात किती वेळ राहतो, सगळं सांगायचं, ते तिघे लिहून घेणार. ही पद्धत त्यानेच सुरू केली होती. त्याच्याआधी त्या खोलीत एक म्हातारा बसायचा, त्याच्या हाताखाली हा चार वर्षं होता. एकदा याने एकाच घाण्यातली तीन बिस्किटं तीन वाट्यांत घातली आणि व्यवस्थापकांच्या देखत म्हाताऱ्यापुढे ठेवली. म्हाताऱ्याने पहिल्यात लोणी जास्त काढलं, दुसरं करपलंय म्हणाला, तिसरं उत्तम. मग त्याने समोरच्यांची तोंडं बघितली. वाद घातला नाही, आवाज चढवला नाही. हातरुमालाची घडी घातली आणि चूळ भरायचा आपला कप घरी नेला तर चालेल का, एवढंच विचारलं. हा किस्सा तो नंतर मेजवान्यांतून सांगत असे, म्हाताऱ्याच्या आवाजाची नक्कल करून, 'लोऽणी जास्त आहे,' आणि लोक पोट धरून हसत. गेल्या तीन आठवड्यांत त्याने तो कोणाला सांगितला नव्हता.

म्हणून आजचा गोड फ्रेंच टोस्ट. त्याचा हिशोब सरळ होता. सगळ्या चवी गेल्या तरी गोड शेवटी जातं आणि येताना आधी येतं. त्यात गरम, त्यात तूपकट, त्यात व्हॅनिला आणि दालचिनी. मेलेल्या जिभेला काही जागं करणार असेल तर ते हेच. बायको आठच्या सुमाराला यायची, तोवर करून, खाऊन, काय ते कळलं असतं. शिवाय रविवारी घराघरांतून फ्रेंच टोस्ट म्हणून लोक जे करतात त्याचा त्याला मनस्वी तिटकारा होता. ताजा मऊ पाव घेतात, अंड्यात बुचकळतात, तो बिचारा तव्यावर जाईपर्यंत फाटतो, मग त्याच्यावर मध ओतून लाज झाकतात. पाव कालचा हवा, बोटभर जाड कापलेला, रात्रभर उघडा ठेवून कोरडा केलेला. दोन अंड्यांना एक कप दूध. फेटायचं काट्याने, फेस येऊ न देता. एका बाजूला मोजून दोन मिनिटं, मग उलटून तेवढीच. त्याने पाव काल संध्याकाळीच कापून ओट्याच्या कोपऱ्यात ठेवला होता, आणि बायकोने बघून न बघितल्यासारखं केलं होतं.

उरल्या बरण्या. जिभेने दगा दिला तर बोटं होती. त्याने दोन्हींतली चिमूट चिमूट अंगठ्याने चोळली. पिठीसाखर बोटाला चिकटते, मीठ सुटं राहतं. हे शेंबड्या पोरालाही कळतं. उजव्या बरणीतली भुकटी जास्त चिकटली. हवा दमट असली की मीठही चिकटतं, ही गोष्ट त्याने दुसऱ्या कोणाला नक्की सुनावली असती, पण ती त्या वेळी त्याला सुचली नाही. उजव्या बरणीतले तीन चमचे, शिगोशीग. मिश्रण पातळ झालं आणि रंग नारिंगीकडे गेला. अंडी चांगली नाहीत, तो पुटपुटला. अंडेवाल्याला अक्कल नाही आणि आणणारीलाही नाही. तव्यावर लोणी वितळलं, पाव पडला, चुरचुरला. साखर तापली की कडा गडद होतात, तशा झाल्या नाहीत. तव्यात दोष, भलत्याच बुडाचा तवा घेऊन ठेवलाय. एक झाला, तो त्याने उभ्यानेच खाल्ला, डोळे मिटून. गरम. बाहेरून किंचित खरखरीत, आत मऊ, मधोमध लापशीसारखा ओला. अकरा वेळा चावलं. बावीस वेळा चावलं. दुसरा खाल्ला. जीभ टाळूला लावून वाट बघितली. तोंडाला कोरड पडली होती, तो दोन ग्लास पाणी प्यायला, मग आणखी दोन. नाही. काही नाही. एकाएकी त्याला वाटलं, आपण तोंडात काही घातलंच नाही, दुसराच कोणी खातोय आणि आपण त्याच्या दातांचा आवाज ऐकतोय. उरलेले चार तुकडे त्याने भराभर तळले. तेवढ्यात दाराची किल्ली फिरली.

"हे काय आज?" बायको दारातच थांबून म्हणाली.

"बस. गरम आहे तोवर खा. आणि बघून ठेव, असा करतात. तुझ्यासारखं पावाचं पोतेरं केलेलं नाही."

ती चपला काढून आली, हात धुतले, बसली. त्याने प्लेट तिच्यापुढे सरकवली आणि स्वतः उभा राहिला. तिने काट्याने कोपरा तोडला, तोंडात घातला, एकदा चावला आणि थांबली. त्याच्याकडे बघितलं. मग घाई न करता उठली, बेसिनपाशी जाऊन थुंकली, दोनदा चूळ भरली, पदराने तोंड पुसलं.

"किती खाल्लेत यातले?"

"दोन. का?"

"अख्खे?"

"अख्खे नाही तर काय अर्धे? का, तुझ्या जिभेला पटत नाही वाटतं?"

"मीठ आहे ते."

"असणारच. मिठाने गोडाला उठाव येतो. हे तुला कोणी शिकवलं नाही, त्याला मी काय करू?"

"उठाव," ती म्हणाली. "नुसतं मीठ आहे अहो. साखरेचा कण नाही त्यात." मग ती हसली. लग्नानंतर चिठ्ठ्या खरवडल्या तेव्हाचं ते हसू नव्हतं. "राहू द्या. मला माहितीये."

"काय माहितीये तुला?"

"अठरा दिवस झाले. दूध नासलं होतं, मी चहा ओतून टाकायला उचलणार, तर तुम्ही कप तोंडाला लावलात. शेवटच्या थेंबापर्यंत प्यालात, आणि वर मलाच, पत्ती हलकी आणलीस म्हणून. म्हटलं, बघू या. दुसऱ्या दिवशी भाजीत लसूण घातला. दोन पाकळ्या, भीत भीत. तुम्ही म्हणालात, मीठ बेताचं आहे. मग सहा घातल्या. आता मोजत नाही मी."

"या घरात?"

"या घरात. तुमच्या ताटात. आणि आत्ता अंगाला सेंट लावलाय, मघाशी जिन्यात शेजारीण म्हणाली, काय हो, कुठल्या लग्नाला. तुमच्या नाकाखालून रोज जातेय मी."

त्याने श्वास ओढून बघितला. हवा आत गेली, बाहेर आली. "मग बोलली का नाहीस?"

"का बोलू? तुम्ही बोललात? सव्वीस वर्षांत पहिल्यांदा मनासारखं जेवतेय." ती प्लेट उचलून कचऱ्याच्या डब्याकडे गेली आणि चारही तुकडे आत ढकलले. "एकदा तर मुद्दाम बिनमिठाचं वाढलं. तेव्हा म्हणालात, आज जरा जमलंय. त्या दिवशी मी या ओट्यापाशी उभी राहून इतकी हसले, की डोळ्यांत पाणी आलं."

त्याला राग यायला हवा होता, आणि तो येईना. त्याऐवजी त्याला दिसत होतं की हिला आपली कीव येत नाहीये. हाच मोठा धक्का होता. ज्या नजरेने तो काचेआडून चारशे माणसांकडे बघत आला होता, तीच नजर त्याच्याच स्वयंपाकघरात, त्याच्याच बायकोच्या डोळ्यांत, त्याच्यावर रोखलेली होती, आणि ती तिला शोभतही होती. किती दिवस ती अशी बघत असेल? अठरा दिवस? की सर्दीच्याही खूप आधीपासून, आणि चव असताना आपल्याला दिसलं नाही?

"आणि उद्या काय करणार?" नवी अंडी फोडत तिने विचारलं.

"जाणार. पाचही वाट्यांना नाही म्हणणार. नाही म्हटलं की कोणी कारण विचारत नाही."

"आणि त्या चष्मेवालीचं? आठ महिने संत्र्याच्या मागे लागलीय म्हणता ना?"

"तिला काय कळतंय संत्र्यातलं!"

"आणि तुम्हाला?"

ती हे चिडून म्हणाली नाही, सहज म्हणाली, अंडी फेटता फेटता. मग हात वर करून डावीकडची बरणी घेतली आणि न चाखता, न बघता, दोन चमचे घातले.

"तुला कसं कळलं?"

"काय?"

"साखर कुठली ते."

"डावीकडे साखर, उजवीकडे मीठ. पहिल्यापासून." ती पावाचा तुकडा बुडवत म्हणाली. "दर वेळी बोटं चाटत बसले असते तर स्वयंपाक कधी झाला असता?"

तो बाहेरच्या खोलीत आला आणि खुर्चीवर बसला. स्वयंपाकघराचं दार उघडंच होतं, तिची पाठ दिसत होती. त्याने फोन उचलला. यात काही थोरपणा नव्हता, हे त्याचं त्यालाही माहीत होतं. झाकलेल्या वाट्यांसमोर बसून वरच्या तिघांची तोंडं बघायची, आणि कोपऱ्यात ती बया चष्मा वर ढकलत उभी असणार. त्यापेक्षा आपणच तोंडावर फेकून मोकळं व्हावं, असा त्याचा विचार होता. वर तिला दोन शब्द सुनावायचे. फुकट संधी मिळतेय तर नीट चाख, मध्येच पाणी पिऊ नकोस. फोन वाजत असताना त्याने ते शब्द मनात लावूनही ठेवले.

"सर?" पलीकडून ती घाबरून म्हणाली. "काही चुकलं का?"

"उद्याची चव तू घे. मी येणार नाही, वरच्यांना सांग."

"का, सर?"

ताप, नात्यातलं कोणी गेलं, दाढदुखी. तिन्ही कारणं तयार होती. "जीभ गेलीय माझी," तो म्हणाला. "काही लागत नाही. तीन आठवडे झाले."

ती दिवस मोजत असावी.

"म्हणजे दालचिनीचं बिस्किट..."

"हो."

"तुम्ही गवत म्हणाला होतात."

"म्हणालो होतो."

"मी ते टाकून दिलं, सर. सगळं पहिल्यापासून पुन्हा केलं. ते खरंच तसं लागत होतं का?"

"माहीत नाही," तो म्हणाला.

तो वाट बघत राहिला. आता ती बोलेल. आठ महिन्यांचं, चार वर्षांचं, वाजणाऱ्या प्रत्येक ट्रेचं उट्टं काढेल. तिच्या जागी तो असता तर एक शब्द शोधून काढला असता, असा की समोरच्याला जन्मभर पुरेल. खुर्चीचे हात घट्ट धरून तो त्या शब्दासाठी तयार होऊन बसला.

"डॉक्टरांना दाखवलंत का?" तिने विचारलं.

तुला काय करायचंय, हे त्याच्या ओठांपर्यंत आलं आणि तिथेच अडकलं. तीन आठवड्यांत हे त्याला कोणी विचारलं नव्हतं, आणि विचारावं म्हणून त्याने कोणाला सांगितलंही नव्हतं.

"नाही," तो म्हणाला.

"तीन आठवडे? का हो सर?"

"भीती वाटते," तो म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच ओळखू आला नाही. "कायमची गेली म्हणाले तर?"

स्वयंपाकघरात तव्यातून धूर निघाला होता. घरभर वास सुटला असणार. बायको हातात उलथनं धरून, पाव उलटायचा सोडून, वळून त्याच्याकडे बघत उभी होती.